चेंबर पुन्हा पुन्हा तुंबतंय? पुढच्या झाकणापासून शोधायला लागा

लाईन चोकअप झाली, माणूस बोलावला, त्याने बांबूच्या कामट्या मारल्या, पाणी गेलं, पैसे दिले. तीन-चार आठवड्यांनी त्याच चेंबरमधून तेच काळं पाणी पुन्हा पार्किंगमध्ये. मी कोल्हापुरात ड्रेनेज लाईनच्या कामावर आहे. आधी कामट्या मारायचो, आता जेटिंगच्या, म्हणजे जोराच्या दाबाच्या पाण्याने पाईप धुणाऱ्या गाडीवर असतो. मला येणारे बहुतेक फोन असेच, पुन्हा तुंबलेल्या लाईनचे असतात.

एकदा तुंबलं तर तो अपघात असू शकतो. कुणाचं फडकं गेलं, लहान पोरानं काहीतरी टाकलं. तेच चेंबर दुसऱ्या-तिसऱ्यांदा भरलं, तर मात्र लाईनमध्ये कायमचा दोष आहे असं समजा. कामटी त्या दोषात तेवढ्यापुरतं भोक पाडते, पाणी वाट काढतं आणि भोक हळूहळू बुजतं. दोष शोधणं फार अवघड नाही, पण ते कुणी करत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "एकदा माणूस आत उतरवून कायमचं साफ करून घेऊया." त्या 'एकदा'पायी या देशात किती घरं उघडी पडली आहेत, हे आमच्या धंद्यातल्या माणसांना चांगलं माहीत आहे. ती वेळच येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

झाकण उघडण्याआधी

वरून बघायला हरकत नाही, पण काही गोष्टी पाळायच्याच. एकट्याने झाकण उघडायचं नाही. वारा पाठीवर येईल असं उभं राहायचं. पहारीने झाकण बाजूला सरकवायचं, त्यावर वाकून तोंड आणायचं नाही. विडी, काडी, मेणबत्ती जवळ नको. सांडपाण्यातून मिथेन वायू तयार होतो आणि हवेत तो ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने भडकतो. आत गॅस आहे का हे मेणबत्ती सोडून बघायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते, ती आजच्या आज बंद करा. झाकण अर्धा-एक तास उघडं राहू द्या, पोरं-गुरं आत पडणार नाहीत असा अडसर भोवती लावा, शेजारच्या चेंबरचंही झाकण उघडा म्हणजे हवा खेळेल, आणि मग बॅटरीच्या उजेडात उभ्यानेच बघा.

पाणी दिसतं तिथे चोकअप नसतो

पाणी बाहेर येतं ते सगळ्यात खालच्या पातळीवरच्या झाकणातून. अडथळा त्याच्या पुढे, उताराच्या दिशेला असतो. तरीही लोक भरलेल्या चेंबरवरच माणूस उभा करतात आणि तिथूनच आंधळेपणाने कामट्या घालायला लावतात.

आधी लाईन कुठून कुठे जाते ते कागदावर काढा. मग उताराच्या दिशेने एकेक झाकण उघडत जा. पहिलं चेंबर काठोकाठ भरलेलं, दुसरंही भरलेलं, तिसरं कोरडं. तर अडथळा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या पाईपमध्ये आहे. शेवटचं भरलेलं आणि पहिलं रिकामं, या दोघांच्या मधला तुकडा सापडला की निम्मं काम झालं. तुमच्या हद्दीतलं शेवटचं चेंबर आणि रस्त्यातलं मॅनहोल दोन्ही भरलेली असतील, तर दोष मुख्य लाईनचा आहे. तिथे तुम्ही स्वतःच्या खिशातून कितीही वेळा साफ करून घ्या, उपयोग नाही. महापालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि भरलेल्या मॅनहोलचा फोटो जोडा. याउलट सगळी चेंबरं कोरडी आणि फक्त स्वयंपाकघराबाहेरचा गली ट्रॅप (मोरीचं पाणी पडतं तो जाळीचा छोटा खड्डा) उसळतोय, तर मोठी गाडी मागवायची गरजच नाही, घरातल्या चार इंची पाईपचं काम आहे.

कोणाची लाईन कुठे मिळते हे कळत नसेल तर बादलीभर पाण्यात खायचा रंग कालवून वरच्या संडासात ओता आणि खाली बघत राहा. जुन्या पेठांमध्ये वाटणीनंतर वाडे फुटले, प्रत्येकाने आपापली मोरी जमेल तिथे जोडली. एका घराचं पाणी तिसऱ्याच घराच्या परसातून जातं आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. रंगाचं पाणी ती भांडणं दहा मिनिटांत मिटवतं.

चेंबर कोरडं असताना त्याचा तळही बघून घ्या. तळाला पाईपच्या गोलाईचा पन्हाळ केलेला असावा आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार, त्याला आम्ही बेंचिंग म्हणतो. पुष्कळ ठिकाणी बांधकाम करणाऱ्याने तळ सपाट सोडलेला असतो. मग कोपऱ्यात मैला साठतो, सुकतो, आणि एखाद्या दिवशी ढेकळासकट पाईपच्या तोंडात जाऊन बसतो. असं चेंबर कितीही धुवा, ते तुंबणारच. गवंडी लावून अर्ध्या दिवसात पन्हाळ करून घेतला की काही ठिकाणी तेवढ्यावरच दुखणं संपतं. भिंतीवर वंगणाचा काळसर पट्टा कुठवर आहे तेही बघा. एरवी पाणी कुठपर्यंत चढून उतरतं याची ती खूण असते.

केव्हा तुंबतं आणि कामटीला काय लागतं

साफ करणाऱ्याला या दोन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. रोज सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पाणी चढून दुपारी आपोआप उतरत असेल तर पाईप पूर्ण बंद नाही, पण त्याची वाट अरुंद झाली आहे किंवा उतार कमी आहे. फक्त पावसात होत असेल तर पावसाचं पाणी आत मिळालेलं आहे. पाऊस नसतानाही नदी वाढली की होत असेल तर तो फुगवटा, म्हणजे नदीचं पाणी उलटं लाईनीत शिरतंय.

कामटीच्या किंवा जेटिंगच्या नळीच्या टोकाला पांढरट, साबणासारखा गोळा आला तर चरबी. दोरखंडासारखा तंतूंचा जुडगा आला तर झाडाची मुळं. वाळू, खडी, लाल माती आली तर पाईप फुटलेला आहे, कारण घरातून खडी येत नाही. फडकी, सॅनिटरी नॅपकिन, डायपर, ओले वाइप्स आले तर ते कुठल्या मजल्यावरून येतात हे शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर झाकणाचा डबा ठेवा. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ओले वाइप्स पाण्यात विरघळत नाहीत. पुढे हेच कापड जयंती नाल्याच्या पंपिंग स्टेशनपर्यंत जातं, पंपाच्या पंख्याला गुंडाळतं, आणि तिथल्या जाळीवरून ते ओढून काढणारा माणूसच असतो.

सोमवारी येणारा फोन

राजारामपुरी भागातल्या एका अपार्टमेंटचा फोन मला हमखास सोमवारी यायचा. दर सोमवारी नव्हे, पण आला की सोमवारीच. आपल्याकडे बुधवार, रविवार हे मटणाचे वार, तेव्हा चरबीचा संशय आधी आला, आणि नळीच्या टोकाला गोळेही तेच आले.

मटणाची चरबी साधारण ४० अंशांच्या वर तापमान असलं तरच पातळ राहते. तांबडा-पांढरा रस्सा झाल्यावर भांडी गरम पाण्याने विसळली की ती पातळ होऊन मोरीत जाते आणि आपल्याला वाटतं, गेली. जमिनीखालचा पाईप गार असतो. काही फुटांवर पाणी निवतं आणि चरबी पाईपच्या आतल्या अंगाला बसते. थंडीच्या दिवसांत हे लवकर होतं. काँक्रीटमधलं आणि पाण्यातलं कॅल्शियम त्या चरबीशी मिळालं की तिचा कडक साबण होतो, मग तो गरम पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून "रात्री उकळतं पाणी सोडा" हा सल्ला मी कुणाला देत नाही. त्याने चरबी तुमच्या मोरीतून निघते आणि पुढच्या चेंबरपाशी बसते.

त्या इमारतीत एवढ्यावर थांबलो असतो तर रहिवाशांना चार गोष्टी सांगून परत आलो असतो. पण शेजारच्या इमारतीतही मटण शिजतंच होतं आणि तिथली लाईन वाहती होती. मग फरक कशात? लाईन जेटिंगने धुवून घेतली आणि दोन चेंबरमध्ये आरसा-बॅटरी लावून बघितलं. ही परीक्षा जुनी आहे आणि बिनखर्चाची आहे. घरगुती चेंबर दोन-तीन फूट खोल असतं. काठीला आरसा तिरका बांधून एका चेंबरात पाईपच्या तोंडापाशी धरायचा आणि दुसऱ्या चेंबरात तशीच बॅटरी सोडायची. आरशात उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर पाईप सरळ आहे. अर्धी चकती दिसली तर पाईप मध्ये खचला आहे, आमच्या भाषेत लाईनला पोट पडलंय. त्या इमारतीत अर्धीच चकती दिसली. गेटजवळ कधीतरी पाण्याच्या पाईपसाठी खणलं होतं, माती नीट धुमसून न भरताच फरशी बसवली होती, आणि वरून रोज चारचाकी जात होत्या. पोटात पाणी कायम साचलेलं, तिथे ते गार होणार, आणि रविवारची सगळी चरबी तिथेच थांबणार. नुसती चरबी असती तर वर्षानं तुंबलं असतं. नुसतं पोट असतं तरी कदाचित निभावलं असतं. दोन्ही एकत्र आली म्हणून सोमवार.

उताराचं गणित गवंड्यांना पाठ असतं, तरी लिहून ठेवतो: चार इंची पाईपला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट, नऊ इंचीला ९० फुटांत एक फूट. गरज एवढीच, की गर्दीच्या वेळी पाणी सेकंदाला किमान ०.६ मीटर वेगाने धावलं पाहिजे. त्याखाली वाळू आणि मैला तळाला बसू लागतो. कोल्हापूरच्या काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाईपखालचा भरावाचा थर (बेडिंग) कच्चा असेल तर चांगला घातलेला पाईपही काही वर्षांत हलतो. पोट पडलेल्या लाईनला उपाय एकच: तेवढा तुकडा खणून, तळ पक्का करून, उतार धरून नवा पाईप. खर्च येतो. पण वर्षभरात चोकअपवर किती पैसे गेले ते मांडून बघा, आणि मग ठरवा.

चरबीसाठी घरात करायचं काम साधं आहे. रस्सा गार झाल्यावर वर जमलेली चरबी चमच्याने काढून ओल्या कचऱ्यात टाका, पातेलं कागदाने पुसून मग घासा. खानावळ, मेस, मिसळ-वड्याचं हॉटेल असेल तर ग्रीस ट्रॅप बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. ही दोन-तीन कप्प्यांची टाकी असते. पाणी तिच्यात थोडं थांबतं, तेल वर तरंगतं आणि खालच्या अंगाने फक्त पाणी पुढे जातं. टाकीतला तेलाचा थर आणि तळाचा गाळ मिळून एक चतुर्थांश खोली भरली, की ती रिकामी करायची. मी बघितलेल्या कितीतरी हॉटेलांत ट्रॅप बसवलेला असतो, पण झाकण वर्षभर उघडलेलं नसतं. भरलेला ट्रॅप नसल्यातच जमा.

आणि एक कळकळीची विनंती: चोकअप सुटावा म्हणून ॲसिड ओतू नका. साठलेल्या मैल्यात सल्फाइड असतं. त्यावर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू एकदम बाहेर पडतो. आधी ब्लिचिंग टाकलेलं असेल तर क्लोरीन निघतो. तुम्ही वरच्या मजल्यावर बाटली रिकामी करता तेव्हा खाली चेंबरपाशी कुणी उभा असू शकतो. टाकलंच असेल तर निदान काम करायला आलेल्या माणसाला आधी सांगा.

मुळं, शेण, फुटके पाईप

वड, पिंपळ, उंबर यांची मुळं ओलीच्या मागे जातात. जुन्या चिनी मातीच्या पाईपच्या सिमेंटच्या सांध्यात केसाएवढी फट मिळाली तरी ती आत शिरतात. कापली तर पुन्हा येतात, बहुधा आधीपेक्षा दाट. झाड तोडू नका, पाईप बदला. रबर रिंगच्या सांध्याचा प्लास्टिक पाईप तेवढ्या भागात घातला की प्रश्न सुटतो. काँक्रीटचा ह्यूम पाईप असेल तर तो वरच्या बाजूने आधी कुजतो, कारण पाण्यातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचं छतावरच्या ओलीत जीवाणू गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंट खातं. रस्ता मध्येच खचला की हे कारण आठवावं.

शेणाचा विषय खास आपल्या पेठांचा आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं दूध ही या शहराची शान आहे, आणि पेठांतल्या गल्ल्यांमध्ये अजून म्हशींचे गोठे आहेत. गोठा पाण्याने धुतला की शेणाबरोबर वैरणीच्या काड्या आणि चिपाडं लाईनीत जातात, आडवी अडकतात आणि त्यांची चटई विणली जाते. शेण आधी फावड्याने गोळा करून खताला द्यायचं, मग धुवायचं, आणि मोरीच्या तोंडाला जाळी व एक छोटा गाळखड्डा ठेवायचा. गोठेवाल्या मामांना दमदाटी करून यातलं काही होत नाही. जाळी नेऊन बसवून दिली तर ते ती वापरतात, असा माझा अनुभव आहे.

पाऊस आणि पंचगंगा

गच्चीचा पावसाळी पाईप ड्रेनेजच्या चेंबरात सोडलेला असणं हे पावसातल्या तुंबण्याचं पहिलं कारण. हिशोब करून बघा. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ४६०० लिटर पाणी होतं. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी दिवसाला पाच-साडेपाचशे लिटर धरलं, तर आठवड्याभराहून जास्त पाणी एका तासात त्याच पाईपमध्ये लोटलं जातं. गच्चीचं पाणी वेगळं काढा, शक्य असेल तर बोअरच्या शोषखड्ड्यात किंवा टाकीत घ्या.

फुगवट्याचं वेगळं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. शाहूपुरी, नागाळा पार्क, उत्तरेश्वर, शुक्रवार पेठ, सुतारवाडा इथल्या लोकांनी हे बघितलं असेल, की रस्त्यावर पाणी येण्याआधी ते तळमजल्याच्या संडासातून वर येतं. नदी चढली की नाला मागे सरतो, आणि नाल्याच्या पातळीखाली असलेल्या लाईनीत पाणी उलटं शिरतं. तिथे कामटी, जेटिंग काहीही चालत नाही. त्या दिवशी साफ करायला माणूस बोलावणं म्हणजे त्याला विनाकारण पुराच्या पाण्यात उभं करणं.

उपाय उन्हाळ्यातच करायचा. तुमच्या शेवटच्या चेंबरात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि दर मे महिन्यात त्याची झडप हाताने हलते का बघा. फडकं अडकून ती अर्धी उघडी राहिली तर असून नसल्यासारखी. हेही लक्षात ठेवा, की झडप बंद झाली की बाहेरचं पाणी आत येत नाही तसंच तुमचंही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी पाणी वापरत राहिलं तर तळमजल्यावर आपल्याच इमारतीचा मैला येतो. नदी वाढायला लागली की मजल्या-मजल्यावर निरोप द्या. पूर ओसरल्यावर लाईनीत बारीक गाळ बसलेला असतो, तो सुकायच्या आत जेटिंग करून घ्या.

तुंबण्याला कंटाळून काहीजण चेंबर फोडून पावसाळी गटारीला वाट काढून देतात. तात्पुरतं बरं वाटतं. शहराचं सांडपाणी कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी (दिवसाला ७६ दशलक्ष लिटर) आणि दुधाळीच्या १७ एमएलडी क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रांकडे जावं अशी व्यवस्था आहे. फोडलेली वाट तिला चुकवून मैला थेट रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत नेते. नदीकाठची खालच्या अंगाची गावं तेच पाणी उचलतात. असं कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

सेफ्टी टँक भरत राहतो तेव्हा

उपनगरांत जिथे ड्रेनेज लाईन नाही तिथे सेफ्टी टँक, म्हणजे घरची सेप्टिक टँक असते; ती टाकी दर दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडीने उपसावी. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीच्या एक तृतीयांश झाली की वेळ झाली असं धरा. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडलं की गाळाचा काळा पट्टा मोजता येतो. उपसून आठवड्यातच पुन्हा भरली, तर टाकीचा दोष नाही, शोषखड्डा बुजलाय किंवा पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलंय. त्यावर पुन्हा पुन्हा गाडी बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात.

आत उतरायचं नाही, उतरवायचं नाही

चेंबर असो, मॅनहोल असो की सेफ्टी टँक. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, पण हवेत १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकाची शक्तीच मरते आणि वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं, गॅस गेला. ५०० ते १००० पीपीएमच्या दरम्यान माणूस काही मिनिटांत, कधी एक-दोन श्वासांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. शिवाय बराचसा गाळात कोंडलेला असतो; वरून सगळं ठीक दिसतं, माणूस उतरतो, पाय गाळात पडतो आणि कोंडलेला वायू सुटतो. म्हणून "काल उतरलो होतो, काही झालं नाही" याला अर्थ नाही.

पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. सख्खे भाऊ, बाप-लेक असे गेले आहेत. कुणी आत पडलाच तर मागे उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा, सगळी झाकणं उघडा, ब्लोअर असेल तर हवा आत सोडा, दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेची साधनं आणि अटी न पाळता कुणालाही गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये साफसफाईला लावणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा महापालिकेला आहे तसाच कंत्राटदाराला आणि तुमच्या सोसायटीलाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. "तो स्वतःहून उतरला" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: पाचशे रुपयांची गरज कुणाला होती आणि झाकण कुणी उघडून दिलं? हे काम पिढ्यान्पिढ्या ठरावीक समाजांच्याच माथी मारलं गेलं, आणि नकार देण्याची ताकदही त्यांच्याकडे सगळ्यात कमी राहिली. नकार आपण द्यायचा. कुठे माणूस उतरवत असतील तर १४४२० या हेल्पलाईनवर कळवा.

वर सांगितलेला शोध घेतला असेल तर उतरायची गरज राहतच नाही. जेटिंगची नळी खालच्या चेंबरातून उताराच्या उलट वर चढवायची. तिच्या मागे फेकलेल्या धारा मैला ओढत खाली आणतात, आणि तो त्याच चेंबरातून सक्शनने उचलायचा. उचलला नाही तर तो पुढच्या चेंबरात जाऊन बसतो आणि महिन्याने त्याचा फोन येतो. एवढी एक गोष्ट समोर उभं राहून बघा. त्यानंतरही शंका राहिली तर पाईपमध्ये कॅमेरा घालणारे आता मिळतात.

माणूस बोलावताना

फोनवर "चोकअप झालाय, लवकर या" एवढंच सांगू नका. कुठलं चेंबर भरलंय, पुढचं कोरडं आहे का, मागच्या वेळी काय निघालं होतं, कधीपासून आहे, ॲसिड टाकलंय का, चेंबर किती खोल आहे, गाडी आत येते का, हे सांगा. त्यावरून काय सामान आणायचं ते ठरतं. मीटरच्या पेटीत एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, चेंबर, निघालेला माल आणि त्या दिवशी पाऊस होता की नव्हता एवढं लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की कारण त्या वहीतच दिसू लागतं.

आलेल्या माणसाच्या हातात रबरी हातमोजे आणि पायात गमबूट नसतील तर काम सुरू करू देऊ नका. चेंबरात फुटक्या काचा, ब्लेड, सुया येतात. त्या टाकताना कागदात गुंडाळून वेगळ्या द्या. पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पायावर साधा ओरखडा असला तरी तो शिरतो. हे काम करणाऱ्या भावांनो, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि काविळीची लस घेतलेली आहे का ते बघा. पूर गेल्यावर काम करून अंगात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना आपण काय काम करतो ते स्पष्ट सांगा, त्यांना त्यावरून लवकर निदान करता येतं.

आणि काम संपल्यावर त्याला हातपाय धुवायला बादलीभर स्वच्छ पाणी आणि साबण द्या. इतरांना देता त्याच कपात चहा द्या.